वाक्याच्या आधीचा आवाज

संपादकांचा फोन आला तेव्हा मी अंगणात तांदूळ निवडत बसलो होतो. "इतकी वर्षं सिनेमाच्या लाइनीत होतात, दिवाळी अंकासाठी काहीतरी चटकदार लिहा," म्हणाले. चटकदार! मी म्हटलं, अहो, मी आयुष्यात एकाही हिरोबरोबर चहा प्यायलो नाही. हिरॉइन समोरून गेली तर मला ओळखू येणार नाही. हां, तिचा ‘स’ ऐकवा, मग सांगतो कोण ते. ते खो खो हसले. त्यांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय.

गंमत कसली? मुंबईतल्या एका फिल्म लॅबच्या संशोधन विभागात माझी उभी हयात गेली. लॅब म्हणजे जिथे शूटिंग झालेली फिल्म रसायनात धुतात, तिच्या प्रती काढतात आणि त्या गावोगावच्या टॉकीजना जातात. संशोधन विभाग म्हटलं की लोकांना काचेची मोठी इमारत दिसते. आमच्या दोन खोल्या होत्या. एकीत अंधार, दुसरीत वास. काम काय, तर फिल्म धुण्याची रसायनं, भिंगं आणि आवाज, या तिन्हींपैकी कुठे काय बिघडलं आणि का, ते शोधायचं. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की नायिकेचे गाल हिरवट व्हायचे. मग सगळे आमच्या नावाने ओरडत यायचे. नवीन भिंग आलं की भिंतीवर वर्तमानपत्राचं पान लावून त्याचा फोटो घ्यायचा आणि कोपऱ्यातली बारीक जाहिरात वाचता येते का बघायचं. ती वाचता आली तरच भिंग कामाचं. पानाचा मधला भाग कोणत्याही भिंगातून वाचता येतो.

मी आवाजाकडे होतो. आता लॅब राहिली नाही. त्या जागेवर काय उभं आहे ते बघायला मी गेलो नाही, जाणारही नाही. सगळं आता संगणकावर होतं म्हणे. मला त्याचा राग नाही, असं चारचौघांत म्हणतो खरा. पण लिहितानाही खोटं कशाला बोलू? आहे राग.

तर आवाज. जुन्या फिल्मच्या कडेला, चित्राच्या बाजूने, एक अरुंद पट्टी असायची. त्या पट्टीत आवाजाचा फोटो असायचा. हो, फोटोच. पांढऱ्या-काळ्याची एक दातेरी रेघ, आवाज वाढला की रुंद, कमी झाला की अरुंद. टॉकीजच्या मशीनमध्ये एक छोटा दिवा असतो. त्याचा उजेड केसाएवढ्या फटीतून या पट्टीवर पडतो आणि पलीकडे जातो. पट्टी सरकते तसा तो उजेड कमीजास्त होतो आणि त्याचा पुन्हा आवाज होतो. म्हणजे तुम्ही थेटरात जे रडणं, ओरडणं, गाणं ऐकलं, ते सगळं उजेडातून आलेलं होतं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोन रात्री नीट झोपलो नव्हतो.

त्या रेघेचे दात फार बारीक. फिल्म धुताना जरा जास्त काळी झाली की दातांमधली जागा भरून जायची. बाकी सगळं ठीक ऐकू यायचं, पण ‘स’ आणि ‘श’ फुटायचे. एकदा एक निर्माता रीळ घेऊन आला, ते टेबलावर आदळलं आणि म्हणाला, "मेरा हीरो हिरोइन के मुँह पे थूक रहा है!" आम्ही ऐकलं. खरंच की! हिरो बिचारा प्रेमाचं बोलत होता आणि प्रत्येक ‘स’ला फस्स, फस्स. नायिका पापण्या मिटून ऐकत होती, ते तर आणखी वाईट दिसत होतं. आम्हाला हसू आवरेना आणि तो माणूस रडकुंडीला आलेला.

त्यावर इलाज एकच. कच्च्या फिल्मचा नवा साठा आला किंवा धुण्याचं रसायन बदललं, की आधी चाचणी घ्यायची. एकच आवाज कमीजास्त उजेडात पुन्हा पुन्हा भरायचा, धुवायचा, छापायचा आणि कोणत्या तुकड्यात ‘स’ स्वच्छ येतो ते बघायचं. तोच उजेड मग त्या साठ्यापुरता कायम. मशीनमधून शिट्टीसारखा एकसुरी आवाज काढून ही चाचणी सगळीकडे घेत. पण आमचे प्रमुख अय्यर साहेब हट्टी. "सीटी को जुकाम नहीं होता, मेश्राम," ते मला म्हणायचे. त्यांना माणसाचा आवाज हवा असायचा, आणि तोही दर वेळी ताजा. टेपवर भरून ठेवलेला चालायचा नाही, कारण टेप झिजते आणि तिच्याबरोबर तिचा ‘स’ही.

तो आवाज त्यांना सापडला निर्मलाबाईंच्या रूपात.

निर्मला आमच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाटचीच. तिचा भाऊ आमच्या वॉर्डात, दोन घरं सोडून राहायचा. नवरा उकव्याला मँगनीजच्या खाणीत होता. तो छातीच्या दुखण्याने गेला, तेव्हा पदरात एक लहान पोरगी. भाऊ मला म्हणाला, "भाऊ, मुंबईले काई काम पाहा ना इच्यासाठी. इथं काय करन हे?" मी लॅबमध्ये शब्द टाकला आणि फिल्म तपासण्याच्या खात्यात तिला लावून दिलं. पांढरे हातमोजे घालून, उजेडाच्या काचेवर फिल्म सरकवत ओरखडे शोधायचे, असं ते काम. पोरीला तिने भावाकडे ठेवलं. मुंबईत ती लॅबमधल्याच चार बायांबरोबर एका खोलीत राहायची. सगळ्या कामावर गेल्या की खोलीला कुलूप. पोरीला कुठे ठेवणार? "पुढच्या साली आनतो तिले," असं ती दर सालाला म्हणायची.

एकदा अय्यर साहेब तपासणी खात्यातून जात होते आणि निर्मला फिल्मवरचे आकडे मोठ्याने सांगत होती. साहेब दारातच थांबले. त्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं, हिंदीही कशीबशी. पण कान! "सात, सतरा, सत्तावीस" एवढंच त्यांनी ऐकलं आणि मला म्हणाले, "ये औरत को बुलाओ."

मी चाचणीसाठी एक वाक्य जुळवलं होतं. "संध्याकाळी शेजारच्या सुशीलाबाईंनी साखरेचा शिरा शिजवला." अर्थाच्या नावाने आनंद, पण ‘स’ आणि ‘श’ ठासून भरलेले. निर्मला मायक्रोफोनसमोर उभी राहिली. पदर डोक्यावर, हात पोटावर बांधलेले.

"भाऊ, यात बोललं तं माहा आवाज सिनेमात जाईन का?"

"नाही. कुठंच जाणार नाही. मोजायचा आणि संपला."

"मंग बरं हाय," म्हणाली. "गावात कोनी ऐकलं असतं तं काय म्हनलं असतं!"

पुढे तिची भीती गेली. काचेपलीकडे मी हेडफोन लावून बसलेला असायचो आणि ती मला तिथून चिडवायची. "कोन हे सुशीलाबाई? एवढ्या सालापासून शिरा शिजवून राह्यली, आमच्या हातावर एक दिवस चमचाभर नाई ठेवला! लयच चिक्कट बाई दिसते." अय्यर साहेब विचारायचे, क्या बोल रही है? मी हिंदीत सांगायचो. तो गंभीर माणूसही गालातल्या गालात हसायचा.

आता एक छोटी बाब सांगतो. बारीक आहे, पण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. फिल्मच्या पट्टीवर धूळ बसते आणि कोणी बोलत नसलं की ती खरखर ऐकू येते. म्हणून आवाज भरण्याच्या कॅमेऱ्यात एक इवलीशी झडप असायची. शांतता असली की मिटायची, आवाज आला की उघडायची. पण उघडायला तिला जरासा वेळ लागायचा. तेवढ्यात बोलणाऱ्याचं पहिलं अक्षर चेंगरून जायचं. म्हणून अय्यर साहेबांचा नियम होता की वाक्याच्या आधी आपल्या मनचं काहीतरी बोलायचं. काहीही. त्याने झडप उघडते. मग लगेच वाक्य. ऐकायला बसण्याआधी आम्ही तुकडे जोडायचो तेव्हा ते आधीचं बोलणं कात्रीने कापून टाकायचो. कानालाही तेच वळण लागलं होतं. ‘संध्याकाळी’ ऐकू आलं की कान उघडायचा. त्याच्या आधी कोण काय बोललं, ते आमच्या लेखी आवाजच नव्हता.

निर्मला वाक्याच्या आधी काहीतरी बोलायची. दर वेळी बोलायची. मी हेडफोन लावून तीन हातांवर बसलेलो असायचो. आणि काय बोलायची, ते मला आठवत नव्हतं.

ती फार जगली नाही. एका पावसाळ्यात कावीळ झाली. अंगावर काढली, कारण रजा ती दिवाळीसाठी राखून ठेवायची. दिवाळीला पोरीकडे जायचं असायचं. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. बालाघाटला निरोप गेला, भाऊ निघालाही, पण त्या दिवसांत गाड्या बदलत बदलत यायचं. तो पोचला तोवर आम्ही लॅबच्या माणसांनीच सगळं उरकलं होतं. अय्यर साहेब भर पावसात स्मशानात उभे होते, छत्री मिटून. त्यानंतर त्यांनी चाचणीसाठी दुसरी बाई शोधली नाही. शिट्टी वापरायला लागले. लोकांना वाटलं, साहेब सुधारले.

मी निवृत्त होऊन इथे परत आलो, तोवर निर्मलाच्या भावाने वॉर्ड सोडला होता. त्याची भाची कुठे दिली, कोणाला नक्की माहीत नव्हतं. मीही फार विचारलं नाही. काय तोंडाने विचारणार?

गेल्या हिवाळ्यात विहारातल्या एका कार्यक्रमात कोणीतरी माझी ओळख करून दिली, ‘हे मुंबईला सिनेमात होते’. माझ्या नावामागे ते लचांड कायमचं लागलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एक बाई उभी. पन्नाशी ओलांडलेली, अंगणवाडीची साडी, खांद्याला पिशवी. रामपायलीकडून पहिल्या बसने आली होती.

"जय भीम, काकाजी. जेवले का?"

सकाळची वेळ, जेवण कुठलं! पण आपल्याकडे दारात पाय ठेवल्यावर हेच विचारतात. मी म्हटलं, "जय भीम. या, बसा. ओळखलं नाही."

"मी शालू. निर्मलाची पोरगी."

मी तिच्याकडे नीट पाहिलं. तिचा चेहरा आईचा नव्हता. बापाचा असावा.

ती खुर्चीच्या कडेवर बसली आणि पाण्याचा पेला हातात धरून राहिली, प्यायली नाही. "काकाजी, तुमाले एक इचारतो. खरं सांगा. माही माय सिनेमात होती का?"

"नाही."

"एकाबी सिनेमात?"

"एकाही नाही. ती लॅबमध्ये कामाला होती. फिल्म तपासायची."

"मामी म्हने, तुही माय तुले टाकून सिनेमात गेली. शाळेत पोट्टे मले पाहून कंबर हालवत. मी थेटराच्या समोरून जातच नोती. लगन झालं तरी घरात सिनेमा लागला की मी उठून जातो. पोरं म्हनते, मम्मी को पिक्चर से क्या दुश्मनी है." तिने पेला खाली ठेवला. "तिचा एक फोटो हाय माह्याजवळ. पन आवाज कसा होता तेच आठवत नाई. मी लय आठवून पाह्यतो. नाईच येत."

मग मी तिला चाचणीचं सांगितलं. शिऱ्याचं वाक्य सांगितलं. ती डोळे मोठे करून ऐकत राहिली.

"म्हंजे तिचा आवाज भरून ठेवला होता?"

"हौ."

"मंग कुठी हाय तो?"

हे सांगणं सगळ्यात कठीण गेलं. फिल्ममध्ये चांदी असते. काम झालेले तुकडे आम्ही पोत्यात भरायचो आणि ते चांदी काढायला जायचे. फिल्म धुऊन काढायची, चांदी वेगळी करायची, उरलेलं फेकायचं. चाचणीचे सगळे तुकडे तिकडेच गेले.

"चांदीसाठी माही माय धुऊन टाकली," शालू म्हणाली. ओरडली नाही, रागावली नाही. तिने नुसतं म्हटलं.

मी उठलो. माळ्यावर माझी एक पत्र्याची पेटी आहे. लॅब बंद झाली तेव्हा तिथून आणलेलं भंगार. एक भिंग, हातमोज्यांचा जोड, काही डबे. त्यात एका डब्यावर अय्यर साहेबांच्या हातची चिकटपट्टी होती आणि तिच्यावर ‘एन’. निर्मलाची शेवटची चाचणी. फिल्म धुतली होती, छापली होती, आणि ती आजारी पडली म्हणून तुकडे कापायचे, जोडायचे राहून गेले होते. साहेबांनी डबा तसाच फळीवर ठेवला. साहेब गेले, तरी तो तिथेच होता. मी आणला खरा, पण कधी उघडला नव्हता.

झाकण काढलं आणि खोलीभर आंबट वास सुटला. लोणच्याची बरणी फुटावी तसा. फिल्म सडते तेव्हा असाच वास येतो. आक्रसते, कडक होते, हात लावला तर मोडते. आपल्याकडची दमट हवा, वैनगंगेचा शेजार, काय टिकणार?

मी शालूला स्पष्ट सांगितलं. मुंबईत अजून एकदोन ठिकाणं आहेत, तिथे यंत्रावर याचा फोटो घेतात आणि त्यातून आवाज काढतात. पाठवून बघू.

"नाई," ती म्हणाली. "आता मुंबईले काई पाठवत नाई मी. एकदा पाठवली होती माय."

"वाटेत मोडली नाही तरी इथे मोडेल. इथे चालवली तर एकदाच चालेल, शालू. आणि त्यात नुसतं शिऱ्याचं वाक्य असेल. तुझ्यासाठी काही नसेल."

"शिऱ्याचं असू द्या. मले एवढंच समजून घ्याचं हाय काकाजी, का ते मले टाकून गेली, का तिले जा लागलं. दुसरं काई नाई."

"ते शिऱ्याच्या वाक्यातून कसं समजेल, बाई?"

"आवाज ऐकला का समजन मले," ती म्हणाली. एवढी खात्री मला आयुष्यात कशाची वाटली नाही. तेव्हाच मला आठवलं की हे तुकडे कापलेले नाहीत. म्हणजे वाक्याच्या आधीचं बोलणं त्यात असणार. पण ते काय असेल? ‘पंखा बंद करा भाऊ’? ‘एक, दोन, तीन’? शालूला हे सांगितलं नाही. उगीच आशा लावायची आणि मग पंखा निघायचा.

बालाघाटात एक जुनी टॉकीज होती, तिचं आता धानाचं गोदाम झालंय. वरच्या केबिनमध्ये मशीन मात्र तसंच उभं आहे, कारण ते जिन्यावरून खाली उतरवणं कोणाला जमलं नाही. तिथला ऑपरेटर गफूरभाई म्हातारा झाला तरी शुक्रवारच्या शुक्रवार जाऊन मशीनला तेल देतो. कशाला, विचारलं तर चिडतो. मी त्याच्याकडे डबा घेऊन गेलो. त्याने नाकाला रुमाल लावून आत बघितलं.

"मेश्रामजी, ये तो पापड़ हो गई है."

फिल्मच्या कडेला भोकं असतात आणि मशीनच्या चाकांचे दात त्यात बसून फिल्म ओढतात. फिल्म आक्रसली की भोकं जवळ येतात, दात बसत नाहीत, फाडतात. गफूरभाईने फिल्मचा तुकडा चाकावर धरून पाहिला. मग म्हणाला, दात कानशीने घासून लहान करावे लागतील.

मी म्हटलं, "गफूरभाई, फिर इस मशीन पे कोई पिक्चर नहीं चलेगी."

"वैसे कौन सी चल रही है?" तो म्हणाला आणि मान फिरवली.

तो कानस घेऊन कामाला लागला. त्या चाकांवर त्याचं सगळं आयुष्य फिरलं होतं. एकेक दात तो बोटाने चाचपून घासायचा, फुंकर मारायचा, पुढचा घ्यायचा. मी माझ्याकडचं काम केलं. आवाजाच्या दिव्यापुढचं भिंग बुरशीने आंधळं झालं होतं. ते उघडलं, पुसलं, परत बसवलं आणि उजेडाची रेघ केसाएवढी बारीक होईस्तोवर सरकवत राहिलो. धानाचा कोंडा सगळीकडे. ओला कपडा घेऊन आम्ही दोन म्हातारे जमिनीपासून छतापर्यंत केबिन पुसत होतो.

शालू दुपारी आली. खाली पोती उचलणाऱ्या हमालांना गफूरभाईने हात जोडून थोडा वेळ थांबायला सांगितलं. मी माझा मोबाइल शालूच्या हातात दिला, रेकॉर्डिंग सुरू करून. म्हटलं, हा स्पीकरजवळ धरायचा आणि काहीही झालं तरी बोलायचं नाही. आवाज एकदाच येणार. मध्ये दुसरा आवाज आला तर सगळं वाया. आयुष्यभर सगळ्यांना हेच सांगत आलो, तेच तिलाही सांगितलं.

तिने मान हलवली.

गफूरभाईने मोटर सुरू केली. फिल्म हळूहळू चाकांवरून चढली. कडकड आवाज येत होता, तिचे तुकडे गळत होते. स्पीकरमधून आधी नुसती खरखर, मग एकदम फस्स, फस्स. हा पहिला तुकडा, जास्त काळा झालेला. त्यात माणूस बोलतोय की पाणी उकळतंय तेही कळेना. शालूने माझ्याकडे घाबरून पाहिलं. मी हाताने खूण केली, थांब.

दुसरा तुकडा. खरखर थांबली, झडप मिटली असणार. मग एक बाई बोलली. सगळा आवाज अजून फाटलेला होता, पण माणसाचा होता. काहीतरी विचारत होती. पाठोपाठ ‘संध्याकाळी शेजारच्या’ सुरू झालं आणि माझा कान, मेला, तिथेच उघडला. सवयीने. आधीचं निसटलं.

शालूचं निसटलं नव्हतं. तिचा चेहरा बदलला होता.

तिसरा तुकडा आला आणि आवाज स्वच्छ झाला. अय्यर साहेबांना हवा असायचा तसा, नितळ. पहिलं अक्षर झडपेने खाल्लेलं होतं. बाकी सगळं तिथे होतं, आत्ता कोणी शेजारच्या खोलीतून विचारावं तसं.

"...वली का वं, शालू?"

आणि शालू बोलली. मोबाइल हातात, तोंडाशी पदर, आणि ती त्या जुन्या काळ्या स्पीकरला म्हणाली, "हौ माय. जेवली. जेवली मी."

मागून सुशीलाबाईंचा शिरा चालू होता, ‘स’ अगदी स्वच्छ. त्या केबिनमध्ये ते वाक्य कोणी ऐकलं नाही. चौथ्या तुकड्याच्या आधी फिल्म मोडली आणि भुगा होऊन खाली पडली. गफूरभाईने मोटर बंद केली. खाली हमाल कुजबुजत होते.

मोबाइलवर सगळं आलं आहे. आईचा प्रश्न आणि त्यावर चढलेलं लेकीचं उत्तर. माझा एक जुना सहकारी म्हणाला, पाठव, संगणकावर साफ करतो, दुसरीचा आवाज काढून टाकता येतो. मी त्याला पाठवलं नाही.

पण ते नंतर. तेव्हा केबिनमध्ये शालू पोत्यावर बसली होती. बराच वेळ रडली. मग डोळे पुसले आणि मला विचारलं, "काकाजी, ते त्या एकाच बारीला म्हनली का असं?"

आणि मला आठवलं. सगळं आठवलं. काचेपलीकडे पदर सावरत उभी असलेली निर्मला, माझ्या हाताची खूण, आणि तेच शब्द. प्रत्येक साठ्याला, प्रत्येक तुकड्याला, वर्षानुवर्षं माझ्या कानात.

"नाई, बाई," मी म्हटलं. "दर बारीला इचारे. आमीच कापून टाकत होतो."